उजेड लपवायचा कुठं

अन्विता मॅडम म्हणाल्या, गुणवंतराव,
बल्ब दिसला नाही पाहिजे.

मी तेवीस वर्षं बल्ब दिसावा म्हणूनच शिडी चढलेला माणूस.
मोंढ्यात, मंगल कार्यालयात, सरकारी दवाखान्याच्या पाळण्यांवर.
ट्यूब दोनदा फडफडून लागली
की म्हाताऱ्या माणसांचे हात आपोआप जुळायचे.
आता म्हणे, लपवा.

शेड जुन्या जिनिंगची, जालन्याच्या बाहेर, मंठा रोडला.
सरकीचा वास अजून भिंतीत आहे.
आत कपाटं, कपाटांत साचे,
साच्यांत पऱ्हाटीचा भुगा,
भुग्यात बुरशी.

भाकरीवर नखाएवढी पांढरी दिसली
तरी आई अख्खी टोपली उकिरड्यावर पालथी करायची.
इथं शाइस्ता हातमोजे घालून तिला फवारा मारते,
दबक्या आवाजात म्हणते,
दार ओढून घ्या काका, वारं लागंल.
बाळंतिणीची खोली असल्यागत.

बारा दिवसांत भुग्याचा घुमट होतो.
मग त्याला भट्टीत घालून मारायचं,
नाहीतर गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात
दिव्याला छत्र्या फुटतात.
एकदा फुटल्या. पुण्याच्या बाईंनी फोटो पाठवला.
मॅडम रडकुंडीला आल्या, शाइस्ता तोंड दाबून हसली,
मी मनात म्हणलं, चला,
एक तरी जगला.

हातात घ्या, वजन नाहीच.
टिचकी मारा, वाळल्या भोपळ्याचा आवाज.
माझं काम एवढंच:
होल्डर, वायर, आणि पोटात पट्टी अशी वळवायची
की ठिपका न् ठिपका गडप.
सत्तावीसशे केल्विन, असं खोक्यावर छापलेलं असतं.
मी त्याला आकड्यानं ओळखत नाही.
रोलिंग मिलला दोन वर्षं रात्रपाळी केली,
सळई भट्टीतून सुसाट येते,
पिवळीची लाल व्हायच्या अलीकडं
एक क्षण असतो, तो हा.
तिथं त्याच्यापासून दहा हात लांब उभं राहायचं.
इथं लोक त्याला उशाशी ठेवतात
आणि तोंडावर पुस्तक ठेवून झोपतात म्हणे.

किंमत ऐकली त्या दिवशी मी शिडीवरच बसलो.
तेवढ्यात आमच्या गल्लीला चार खांब लागतील.
बोललो नाही. पगार वेळेवर आहे.

काही शेड कागदाचे.
कागजीपुऱ्याहून नईमभाई गठ्ठा आणतात,
चिंध्या कुटून, हौदात चाळून, भिंतीला वाळवलेला.
टेबलावर तो नुसता पांढरा.
बटण दाबलं
आणि कागदाच्या आत एक निळा धागा,
वाकडा, बोटभर,
कुणाच्या तरी सदऱ्याचा.
मी मॅडमला बोलावलं. त्या म्हणाल्या, डिफेक्ट आहे का?
मग वाकून बघत राहिल्या.
मग त्यांनी तो विकायचा नाही असं ठरवलं,
मग महिनाअखेर आली आणि विकला.

एक भुग्याचा मात्र घरी आणला.
भट्टीत तडकलेला. बुडापासून वर भेग.
कालिंदा म्हणाली, ह्याच्यात तांदूळ निवडता येत नाहीत,
खडा कुठं नि दाणा कुठं.
खरंय. मी तो मोरीजवळच्या खिळ्याला टांगून दिला.

नळाला पाणी नवव्या दिवशी येतं, रात्री कधीही.
खोली एकच. ट्यूब लावली
की पोरं उठायची, सासू उठायची,
शेजारचं कुत्रं उठायचं,
म्हणून ती इतकी वर्षं अंधारात ड्रम भरत आली,
बोट आत बुडवून अंदाज घेत.

परवा तीनला जाग आली.
ती मोरीत उभी, पाइप हातात,
घर सगळं झोपलेलं,
भेगेतून एक रेघ निघून ड्रमच्या आतल्या अंगावर पडलेली.
पाणी रेघेला लागलं
की ती पाइप दुसऱ्या ड्रमात टाकत होती.
बोट कोरडं.

रजिस्टरला मी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय:
नग एक, तडा, रिजेक्ट.